साप जेवत नाहीये? उंदीर बदलायच्या आधी वजनकाटा आणि थर्मामीटर काढा

पाळलेला साप जेवेनासा झाला की मालकाचा जीव वरखाली होतो, हे समजण्यासारखं आहे. मांजर किंवा कुत्रा दोन दिवस जेवला नाही तर आपण डॉक्टर गाठतो. इथे तर दोन महिने होऊन गेलेले असतात. पण ज्या घाईने मग उपाय सुरू होतात, त्यातच बऱ्याचदा पुढच्या उपासाचं कारण दडलेलं असतं. मदत मागेपर्यंत माणसाने उंदराचा आकार बदललेला असतो, पेटी बदललेली असते, खाली घातलेला भुसा बदललेला असतो, रोज रात्री चिमट्यात उंदीर धरून सापाच्या तोंडासमोर नाचवलेला असतो आणि मधूनमधून सापाला बाहेर काढून पोट खपाटीला गेलंय का तेही चाचपलेलं असतं. सापाच्या बाजूने विचार करा: रोज कोणीतरी येऊन घर हलवतंय. अशा जागी तो तोंड उघडून, मिनिटभर हलता येणार नाही असा घास गिळायला बसेल कशाला?

म्हणून क्रम ठरवून घ्या. आधी वजन, मग तापमान, मग लपायची जागा, मग वर्षातला कोणता काळ चालू आहे ते, आणि उंदीर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलल्यावर निदान आठवडाभर काहीही करायचं नाही. आजारपणाची खूण दिसली तर मात्र हा सगळा क्रम गुंडाळून थेट सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. त्या खुणा पुढे दिल्या आहेत.

वजन

सापाचं शरीर आतून ऊब तयार करत नाही. ती ऊब तो बाहेरून घेतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढं खावं लागतं त्याच्या अगदी थोड्या भागात त्याचं भागतं. 2007 साली मार्शल मॅक्यू या संशोधकाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बॉल पायथन (आफ्रिकेतला, घरी पाळला जाणारा छोटा अजगर), रॅट स्नेक आणि रॅटलस्नेक यांना सुमारे सहा महिने उपाशी ठेवलं होतं. काही सापांनी आपला चयापचय 72 टक्क्यांपर्यंत खाली आणला, आणि उपाशीपोटीसुद्धा त्यांची लांबी वाढत राहिली. तेव्हा धडधाकट प्रौढ सापाने सहा आठवडे उंदराकडे पाठ फिरवली म्हणून तो मरायला टेकला असं नाही.

पण हा दिलासा काट्यावर तपासून घ्यायचा. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. झाकणाचा प्लास्टिकचा डबा ठेवून काटा शून्यावर आणा, साप डब्यात ठेवा, आकडा लिहा, साप परत पेटीत. दोन आठवड्यांतून एकदा, शक्यतो एकाच वेळी. रोज वजन करू नका. त्यातून कळत काही नाही आणि सापाला त्रास मात्र होतो. नोंदीत शी केव्हा झाली तेही लिहा, कारण मोठ्या सापाचं वजन एका शीनंतर एकदम बरंच उतरतं आणि माणूस उगाच हबकतो.

उपास सुरू होण्याआधीच्या वजनात दहा टक्के घट ही थांबून विचार करायची रेघ समजा. दीड किलोचा बॉल पायथन चार महिने न जेवता 1450 ग्रॅमवर असेल तर तो मजेत आहे, चिंता तुमचीच. तोच महिन्याभरात 1350 वर आला, तर कुठेतरी बिनसलंय. काट्यासोबत डोळेही वापरा. पाठीचा कणा धारेसारखा वर आलाय का, कुशीला कातडीच्या उभ्या सुरकुत्या पडल्यात का, शेपटीचा बुंधा एकदम बारीक झालाय का, हे बघायचं. सुरकुत्या आणि खोल गेलेले डोळे हे पाणी कमी पडल्याचंही लक्षण असतं, म्हणून पाण्याचं भांडं रोज धुऊन भरा. उपासात अन्नापेक्षा पाणी आधी.

आता एक न आवडणारी गोष्ट. पुष्कळ प्रौढ साप जेवत नाहीत कारण ते आधीच जाडे असतात. पिल्लू असताना दर आठवड्याला उंदीर दिला, ते पिल्लू मोठं झालं, आठवडा तोच राहिला आणि उंदराचा मात्र मोठा घूस झाला. पूर्ण वाढलेल्या बॉल पायथनला दोन ते चार आठवड्यांतून एक मध्यम आकाराचा उंदीर भरपूर होतो. पिल्लांना त्यांच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के, मोठ्यांना पाच टक्क्यांच्या आसपास, हा ढोबळ हिशोब. अंगाला वळण घेताना कातडी ताणून खवल्यांमधली त्वचा दिसत असेल, शेपटीच्या वरच्या अंगाला चरबीचे उंचवटे आले असतील, तर तुमचा साप उपास करत नाहीये, आधी खाल्लेलं वापरतोय. त्याला वापरू द्या.

तापमान

उपासाच्या तक्रारींत सर्वांत जास्त वेळा इथेच घोडं अडतं, आणि मालक सर्वांत जास्त वेळा "तापमान बरोबर आहे" असं म्हणून इथूनच पुढे जातो. बरोबर आहे म्हणजे किती, कुठे मोजलं, कशाने मोजलं?

काचेवर चिकटवायची गोल काट्याची थर्मामीटरं काचेचं तापमान सांगतात, तेही बेभरवशाचं. साप काचेच्या वरच्या कोपऱ्यात राहत नाही, तो खाली असतो. वायरच्या टोकाला सेन्सर असलेली दोन डिजिटल थर्मामीटरं घ्या. एकाचा सेन्सर उबदार टोकाला, लपायच्या जागेच्या आत, सापाचं पोट टेकतं तिथे. दुसरा थंड टोकाला तसाच. जमिनीचा पृष्ठभाग तपासायला इन्फ्रारेड गन असेल तर उत्तम. बॉल पायथनला उबदार टोक 31 ते 33 अंश सेल्सिअस आणि थंड टोक 25 ते 27 अंश लागतं. कॉर्न स्नेकला (अमेरिकेतला, पाळला जाणारा बिनविषारी साप) उबदार बाजू 28 ते 30 आणि थंड बाजू 22 ते 24 पुरते. बाकी जातींचे आकडे त्या त्या जातीचे बघा. एका सापाचे आकडे दुसऱ्याला लावू नका.

ऊब कमी पडली की पोटातलं अन्न पचत नाही, नुसतं सडतं. गार पडलेला साप म्हणूनच खायला तयार होत नाही, आणि खाल्लं तरी तीनचार दिवसांत उलटून टाकतो. उलट बाजूही तेवढीच खरी. पेटीत कुठेच थंडावा नसेल तर साप अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो, पाण्याच्या भांड्यात जाऊन बसतो आणि उंदराकडे ढुंकूनही बघत नाही. दोन्ही टोकांना फरक हवा, तो साप स्वतःच वापरतो.

हीट मॅट (पेटीखालची तापणारी चटई) असो वा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे तापमान ठरल्या आकड्यावर आवरणाऱ्या यंत्राशिवाय, लावू नका. थर्मोस्टॅट नसलेली मॅट सहज 45 अंशांच्या वर जाते आणि पोट भाजतं. भाजल्याची जखम वरून दिसतही नाही, उचलून खालच्या खवल्यांवर तांबूस किंवा तपकिरी डाग आहेत का बघावं लागतं. तापणारे दगड तर पेटीत नकोतच. हिवाळ्यात एक छुपी भानगड होते: मॅट तेवढीच तापते, पण खोली गार झालेली असते, त्यामुळे जमीन 32 अंश आणि तिच्यावरची हवा 20 असा प्रकार होतो. दर हिवाळ्यात साप बंद पडतो आणि उन्हाळ्यात आपोआप सुरू होतो असं असेल, तर दुसरं काहीही करायच्या आधी पहाटे पाचला पेटीतल्या हवेचं तापमान किती असतं ते बघा. कमाल-किमान लक्षात ठेवणारं थर्मामीटर असेल तर उठायचीही गरज नाही.

दमटपणाचं थोडक्यात. बॉल पायथनला साधारण 60 ते 80 टक्के, कॉर्न स्नेकला 40 ते 60 टक्के. कोरड्या पेटीत कात तुकड्यातुकड्यांनी निघते, डोळ्यांवरचं जुनं पापुद्र्यासारखं आवरण तिथेच राहतं, आणि नीट न दिसणारा साप उंदरावर झडप घालायला कचरतो.

लपायची जागा

मोठी, सुंदर, तिन्ही बाजूंनी पारदर्शक काचेची पेटी, मधोमध एक फांदी, एका कोपऱ्यात एक भलंमोठं लाकडी घर. फोटोला छान. बॉल पायथनला मात्र ते उघड्या मैदानात बसवल्यासारखं आहे. रानात हा साप दिवसाचा वेळ उंदरांच्या बिळांत आणि वाळव्यांच्या वारुळांत काढतो. त्याला अंग चारी बाजूंनी टेकेल अशी घट्ट जागा लागते. एकसारखी दोन घरं ठेवा, एक उबदार टोकाला, एक थंड टोकाला, म्हणजे ऊब आणि सुरक्षितता यांत त्याला निवड करावी लागत नाही. वेटोळं घातल्यावर वर फार तर दोन बोटं जागा उरेल एवढंच घर हवं. पेटीच्या तीन बाजू गडद कागदाने झाका. मधल्या मोकळ्या जागेत पानं, सालं, प्लास्टिकच्या वेली, काहीही चालेल. उघड्यावरून चालत जावं लागू नये एवढंच.

पेटी मोठी असणं वाईट नाही. मोठी आणि रिकामी असणं वाईट. त्यामुळे "लहान डब्यात हलवा, खायला लागेल" हा सल्ला अर्धाच खरा आहे. आडोसे भरले की तीच मोठी पेटी चालते. पेटी कुठे आहे तेही बघा. टीव्हीचा स्पीकर शेजारी, दरवाजा आपटणारी भिंत, काचेला नाक लावून बसणारं मांजर, यांतलं काही असेल तर ते आधी हलवा. सापाला हवेतला आवाज थोडासाच कळतो, जमिनीतून येणारा धक्का मात्र फार नेमका कळतो.

नवीन आणलेला साप असेल तर पहिले सात ते दहा दिवस उंदीर द्यायचाच नाही आणि हात लावायचा नाही. पाणी बदला आणि बाजूला व्हा. घरी येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायची हौस महिनाभर आवरा.

कोणता काळ चालू आहे

कात यायच्या आधी डोळे दुधी निळसर होतात, अंगाचा रंग मंदावतो, पोटाकडचे खवले गुलाबी दिसतात. एक ते दोन आठवडे हे चालतं आणि त्या काळात बरेच साप खात नाहीत. कात पूर्ण निघाल्यावर एकदोन दिवसांनी द्या, बहुधा झडप घालतो.

नर प्रौढ झाला की विणीच्या हंगामात अन्नावरची वासना उडणं हे अगदी नेहमीचं आहे. पेटीत मादी नसली तरी उडते. रात्रभर काचेला घासत फिरणारा, वजन टिकवून असलेला, बाकी चपळ नर बॉल पायथन तीनचार महिने जेवला नाही तर औषध एकच: वाट बघणं. गाभण मादीही अंडी घालेपर्यंत बऱ्याचदा खात नाही, आणि बॉल पायथनची मादी त्यानंतर अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते तेव्हाही बहुधा नाहीच. कॉर्न स्नेक, किंगस्नेक, हॉगनोझ यांसारखे समशीतोष्ण भागातले साप दिवस लहान झाले, गारवा आला की पेटीतली ऊब ठीक असूनही मंदावतात. त्यांच्यातल्या धडधाकट प्रौढांना रेटून खायला घालायची गरज नसते.

आता उंदीर

वरचं सगळं जागेवर असेल तरच इथपर्यंत या.

फ्रीझरमधला, मारून गोठवलेला उंदीर आदल्या रात्री खालच्या कप्प्यात ठेवा. देताना बंद पिशवीत घालून गरम पाण्यात सोडा, सगळीकडून सारखा गरम होईपर्यंत. मायक्रोवेव्ह नको; बाहेरून शिजतो, आत बर्फ राहतो, आणि कधी पोट फुटतं. पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. त्यांच्या दृष्टीने खोलीच्या तापमानाचा उंदीर म्हणजे एक वास येणारी वस्तू, भक्ष्य नव्हे. देण्याच्या क्षणी उंदराचं अंग 38 ते 40 अंशांवर हवं, आणि डोकं त्याहून किंचित गरम असेल तर साप बरोबर डोक्याकडून पकडतो. त्यासाठी शेवटची अर्धी मिनिट केस वाळवायच्या यंत्राची हवा डोक्यावर सोडतात. ओला उंदीर टिपून कोरडा करा.

देण्याची वेळ रात्रीची, खोलीत अंधार किंवा मंद उजेड. लांब चिमट्याने उंदीर कमरेपाशी धरा आणि घराच्या दाराशी, सापापासून हातभर अंतरावर हळू हलवा. तोंडावर नेऊन आपटू नका. या वेळी सापाकडे नीट बघितलं तर तो काय ते सांगतो. भूक असेल तर जीभ सावकाश, लांब लांब बाहेर येते, डोकं उंदराच्या मागे फिरतं आणि मान हळूहळू मागे खेचली जाऊन तिला बाक येतो. मग थांबायचं, हलवणंही बंद. दहा मिनिटं तसाच बसून तो झडप घालू शकतो, आणि नेमका तेव्हाच हात दुखतो म्हणून माणूस चिमटा मागे घेतो. उलट साप डोकं वेटोळ्याखाली घालत असेल, तोंड फिरवत असेल, उंदीर जवळ आला की दचकून मागे सरत असेल किंवा फूत्कारत असेल, तर तो घाबरलाय. उंदीर घराच्या तोंडाशी ठेवा, दिवा बंद करा, निघून जा. कित्येक साप कोणी बघत नसतानाच खातात. सकाळी उरला तर फेकून द्या. पुन्हा गोठवायचा नाही.

नाही खाल्लं तर पुढचा प्रयत्न सात ते दहा दिवसांनी. रोज दिल्याने सापाला उंदराच्या वासाचाच ताण येतो.

हे दोनतीनदा करूनही नकार असेल तर मग युक्त्या, एकेक करून. पहिली आकाराची: नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या. सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागापेक्षा भक्ष्य रुंद नसावं हा नियम असला तरी रुसलेल्या सापाला त्याहून बराच लहान उंदीर जास्त पटतो. दुसरी जातीची: मोठ्या जातीच्या उंदराऐवजी (रॅट) छोट्या जातीचा (माऊस), किंवा पांढऱ्याऐवजी गडद रंगाचा. काही बॉल पायथन आफ्रिकेतल्या मऊ केसांच्या उंदरांवर लगेच झेप घेतात. ते त्यांच्या मूळ प्रदेशातलंच भक्ष्य आहे. पण एकदा त्याची चटक लागली की दुसरं काही खात नाहीत, हेही लक्षात असू द्या. तिसरी वासाची: उंदीर साबणाशिवाय धुऊन कोरडा करायचा आणि त्याला दुसऱ्या प्राण्याचा वास लावायचा. कोंबडीच्या पिल्लाचं पीस, जिवंत उंदरांच्या पिंजऱ्यातला भुसा, जरबिल या उंदरासारख्या छोट्या प्राण्याचं अंथरूण. हॉगनोझ रानात मुख्यतः भेक खातो, म्हणून त्याच्या पिल्लांना पिंकीवर (उंदराचं केस न आलेलं नवजात पिल्लू) ट्यूना किंवा सामन माशाचं पाणी लावून फसवतात आणि ते बऱ्यापैकी फसतात. कॉर्न स्नेकची पिल्लं रानात सरडे आणि बेडूक खातात; त्यांना सरड्याच्या टाकलेल्या कातीचा वास चालतो. रानातून पकडलेला सरडा मात्र घासू नका, परजीवी येतात.

जिवंत उंदीर टाकणं हा सोपा वाटणारा आणि महागात पडणारा मार्ग आहे. न जेवणाऱ्या सापाच्या पेटीत रात्रभर सोडलेला उंदीर सकाळपर्यंत सापालाच कुरतडतो, कधी पाठीचं हाड उघडं पडेपर्यंत. ज्या सापाला फक्त जिवंतच माहीत आहे, त्याची सवय आधी ताज्या मारलेल्यावर आणि मग वितळवलेल्यावर आणावी.

पिल्लांचं गणित वेगळं

अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटात बलकाचा साठा असतो, म्हणून पहिली कात टाकेपर्यंत ते सहसा खात नाही. पण त्यानंतर त्याच्याकडे प्रौढासारखी चरबी नसते. पहिल्या कातीनंतर चारपाच आठवडे उलटूनही एकही घास गेला नसेल तर हातावर हात ठेवून बसू नका.

सर्वांत चालणारी रीत डब्याची. झाकणाला टाचणीने भोकं पाडलेला, पिल्लू वेटोळं घालून जेमतेम मावेल असा छोटा डबा. त्यात ओलसर टिश्यू, गरम पिंकी आणि पिल्लू. तो डबा पेटीतच उबदार बाजूला, पण थेट मॅटच्या वर नाही, आणि वर फडकं. रात्रभर झाकण उघडून बघायचं नाही, हीच यातली अवघड पायरी. याने भागलं नाही तर पिंकीच्या डोक्यावर बारीक छेद देऊन मेंदूचा थोडासा स्राव नाकाला लावतात. वाचायला किळसवाणं आहे, पण हट्टी पिल्लं या वासाला वळतात.

पिंकीचं नाक पिल्लाच्या तोंडात अलगद ठेवून त्याला पुढचं गिळू देणं, हे अनुभवी माणसाकडून बघून शिकायचं काम आहे. नळीने पोटात अन्न सोडणं तर पशुवैद्याचंच. व्हिडिओ बघून घरी करायला गेलं की जबड्याला इजा होते, किंवा अन्न श्वासनलिकेत जातं.

थांबायचं नाही अशा खुणा

श्वास घेताना शिट्टीसारखा किंवा फुटल्यासारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून डोकं वर धरून बसणं: श्वसनाचा संसर्ग. हिरड्या लाल, तोंडात पनीरसारखा पिवळट थर: तोंडाचा संसर्ग, खाताना दुखतं म्हणून खात नाही. पाण्याच्या भांड्यात तळाला मिरपुडीसारखे काळे ठिपके आणि हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला हलणारे कण: माइट्स, रक्त पितात. पोटाच्या मधोमध फुगवटा आणि वारंवार उलटी: क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची शक्यता असते, आणि तो इतर सापांना लागतो, म्हणून साप लगेच वेगळा करा, चिमटेसुद्धा वेगळे. डोकं मागे वळवून आकाशाकडे बघत राहणं, उताणं पडल्यावर सरळ न होणं: मज्जासंस्थेचा त्रास, बोआ आणि पायथनमध्ये यामागे गंभीर विषाणूजन्य आजारही असू शकतो. शेपटीकडच्या भागात टणक गाठ आणि बरेच आठवडे शी नाही: मलावरोध किंवा मादी असेल तर अडकलेली अंडी.

डॉक्टरकडे जाताना ताजी शी बंद डबीत न्या, वजनांची यादी न्या, आणि दोन्ही टोकांच्या थर्मामीटरचा फोटो काढून न्या. पहिले तीन प्रश्न तेच असतात.

खायला लागल्यावर

इथेच घाई नडते. लांब उपासात सापाची आतडी आकसलेली असतात. भक्ष्य गिळल्यावर ती पुन्हा वाढतात आणि त्या कामालाच बरीच ऊर्जा जाते. बर्मी अजगरांवरच्या अभ्यासांत तर मोठ्या भक्ष्यानंतर दोन दिवसांत हृदयाचं वजन 40 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. एवढी उलथापालथ करायला सांगताना पहिला घास लहान द्या, नेहमीच्या निम्म्याने. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही. दुसराही लहानच, आठदहा दिवसांनी. "बिचारा चार महिन्यांचा भुकेला" म्हणून एकदम मोठा उंदीर दिला तर तो बहुधा जमिनीवर परत मिळतो.

उलटी झालीच तर दहा ते चौदा दिवस काहीही द्यायचं नाही, फक्त पाणी, कारण वर आलेल्या आम्लाने अन्ननलिका भाजलेली असते. मग नेहमीच्या एकतृतीयांश आकाराचं भक्ष्य. दुसऱ्यांदा उलटी झाली तर घरचे प्रयोग बंद, डॉक्टर.

आणि एक वही ठेवा. तारीख, काय दिलं, खाल्लं की नाही, वजन, कात, थंड टोकाचं रात्रीचं तापमान, एवढे सहा रकाने. दुसऱ्या वर्षी उपास पुन्हा आला की मागचं पान उघडायचं. नर त्याच महिन्यात थांबला असेल, वजन तसंच टिकून असेल, तर यंदा पेटी हलवू नका, उंदीर बदलू नका. महिन्यातून एकदा एक लहान उंदीर विचारून बघा आणि नाही म्हणाला तर फेकून द्या. फ्रीझरही त्या हिशोबाने भरा: उपासाच्या तोंडावर वर्षभराचे उंदीर आणून ठेवले की तो खायला लागेपर्यंत ते सुकून पांढरे पडतात, आणि मग ते नाकारले तर दोष सापाचा नसतो.